चेटकिणीचं तोंड

ज्या खोलीत मी मुखवटे करायचे, तिला उत्तरेचा उजेड होता. सकाळी दार उघडल्यापासून दिवे लागेपर्यंत एकसारखा, न हलणारा. वडिलांनी घर बांधताना बाकी कशातच फारसं लक्ष घातलं नव्हतं. स्वयंपाकघरात धूर कोंडायचा, जिन्याच्या पायऱ्या एकमेकींशी भांडल्यासारख्या लहानमोठ्या होत्या. पण मागच्या खोलीची ती खिडकी मात्र त्यांनी गवंड्याच्या डोक्यावर बसून करून घेतली. रंग लावताना सावली फसवत नाही, असं म्हणायचे. खिडकीखाली लांब टेबल, कोपऱ्यात नळ, भिंतभर फळ्या आणि फळ्यांवर प्लास्टरचे साचे. खळीचा आंबूस वास त्या खोलीच्या भिंतींत मुरला होता. अजूनही कुठे भिजलेला कागद वाळत असला, की मी क्षणभर त्या टेबलाशी उभी असते.

मी तिथेच काम करायचे आणि तिथेच एका कडेला झोपायचे. वडील गेल्यावर घर माझ्या भावाचं झालं आणि खोली माझ्याकडे राहिली. म्हणजे राहू दिली.

भावाला मी धाकट्या म्हणायचे. आई गेली तेव्हा त्याचे दुधाचे दातही पडले नव्हते. मी शाळा सोडली, त्याचे डबे भरले, त्याच्या बुटांच्या नाड्या बांधल्या, तापात रात्री काढल्या. याचं मला कधी काही वाटलं नाही. वाटलं ते नातेवाइकांना. जो येईल तो त्याच्या डोक्यावर हात ठेवून म्हणायचा, "बहिणीनं तुझ्यासाठी आयुष्य घालवलं हो, विसरू नकोस." तो लहान होता तेव्हा मान हलवायचा. मोठा झाल्यावर हसायचा. लग्न झाल्यावर त्या वेळी खोलीतून उठून जायला लागला.

त्याची बायको नीटनेटकी होती. तिच्या हातून कधी दूध उतू गेलं नाही की तोंडातून वावगा शब्द गेला नाही. ती टोचायची ते सुद्धा सुई उकळून घेऊन. घरात मला ताई म्हणायची. चारचौघांत मात्र वन्सं, म्हणजे लोकांना आदर ऐकू जावा.

त्या वर्षी भावजयीच्या मनात मागची खोली भरली. मुलगी सात वर्षांची होत होती, तिला वेगळी खोली हवी. ते तिनं मला कधी सांगितलं नाही. मला कळलं ते मुलीकडून. तिला आम्ही टिल्ली म्हणायचो. ती माझ्या टेबलाखाली बसून कागद फाडत होती आणि सहज म्हणाली, "आत्या, तू गेलीस ना, की तिथे माझा पलंग येणार. खिडकीपाशी. गुलाबी."

"मी कुठे गेले की?"

"ते आईनं नाही सांगितलं," ती म्हणाली आणि फाडत राहिली.

मी संध्याकाळी धाकट्याला गाठलं. तो बूट काढत होता.

"खोलीचं काय चाललंय रे?"

"कुठलं काय?" त्यानं मोजा उलटा करून झटकला. "ताई, वाढदिवस होऊन जाऊ दे. मग बसून बोलू."

"मला काम कुठे करता येईल, तेवढं बघ. पाणी लागतं, उजेड लागतो. जेवणाच्या टेबलावर साचे मांडून कसं चालेल?"

"अगं, कोण तुला घालवतंय? वाढदिवस होऊ दे म्हटलं ना."

त्या 'कोण घालवतंय'वर मी बरेच दिवस काढले. माणूस इतक्या थोडक्यावर जगू शकतो हे मला तेव्हा कळलं.

मग एका सकाळी भावजय माझ्या दारात आली. आत नाही, दारातच. तिला खळीच्या वासानं शिंका यायच्या.

"ताई, यंदा टिल्लीचा वाढदिवस गोष्टींचा करायचाय. ज्यानं त्यानं गोष्टीतलं कुणीतरी होऊन यायचं. राजा, परी, उंदीर, राक्षस. आणि मधोमध पिनाटा टांगायचा."

"ते काय असतं?"

"कागदाचं बाहुलं हो. आतून पोकळ. आत चॉकलेटं भरायची, दोरीनं टांगायचं आणि पोरांनी काठीनं हाणायचं, फुटेपर्यंत. मासिकात फोटो आलाय."

"केलेलं फोडायचं?"

"फोडायलाच करायचं. जपून ठेवायला नाही." ती हसली. "तुमच्याइतकं छान कुणाला जमणार? टिल्लीची चेटकीण हवी म्हणून मागणी आहे."

मी हो म्हटलं. नुसतं हो नाही, अगदी हुरळून हो. मला वाटलं, पोरीचा वाढदिवस माझ्या हातानं गाजला, आलेल्या लोकांनी तोंडात बोट घातलं, की खोलीचा विषय निघायचाच नाही. इतकी चांगली चेटकीण ज्या टेबलावर झाली ते टेबल कोण उचलून फेकेल? माझं वय तेव्हा पन्नाशीच्या पुढे गेलेलं होतं, आणि अक्कल अशी.

आता चेटकीण केली कशी, ते सांगायला हवं, कारण सगळं त्यातच आहे.

कुठलाही मुखवटा करताना खाली माणसाचा चेहरा लागतो. नाहीतर नाक-डोळ्यांचं अंतर चुकतं आणि राक्षससुद्धा बटाट्यासारखा दिसतो. वडील त्यासाठी माझ्या चेहऱ्याचा साचा वापरायचे. मी तरुण होते तेव्हा एकदा त्यांनी मला टेबलावर आडवं केलं, नाकात नळ्या घातल्या आणि तोंडावर प्लास्टर ओतलं. निघाल्यावर साचा उजेडात धरून खूश झाले. म्हणाले, "तुझा चेहरा कामाचा आहे. कोरा आहे. याच्यावर काहीही चढतं." हे एवढंच माझ्या रूपाचं कौतुक कुणी केलेलं मला आठवतं. पुढे वय वाढलं तसे मी स्वतःच दोनदा नवे साचे काढले, कारण हाताला सवय ताज्या चेहऱ्याची. गावातल्या शाळांत जेवढे राजे, घुबडं आणि अस्वलं नाचली, त्या सगळ्यांच्या आत मी होते. वर शाडू चढवून नाक लांब केलं, गाल बसवले, कपाळ फुगवलं, की कुणाला ओळखू यायचं नाही. मलाही नाही.

तशीच चेटकीण. माझ्याच साच्यावर शाडूचं वाकडं नाक चढवलं, हनुवटी पुढे ओढली, भुवयांची छपरं केली. वर तेलाचा हात फिरवून कागद लावायला घेतले. कागद कापायचा नसतो, फाडायचा. फाडलेली कड निमूट बसते, कापलेली उठून उभी राहते. एक थर वर्तमानपत्राचा, एक खाकी कागदाचा, म्हणजे कुठला झाला, कुठला राहिला ते कळतं. खळीत आम्ही एरवी कीड लागू नये म्हणून मोरचूद घालतो. ते या वेळी घातलं नाही. पोरं काहीही तोंडात घालतात.

एवढं भान ठेवलं आणि एक गोष्ट हातून होऊन गेली. दोन थर झाल्यावर मी जुन्या मलमलीचा तुकडा खळीत बुडवून सगळ्या तोंडावर ताणून बसवला आणि त्यावर पुढचे कागद. मुखवटा वर्षानुवर्षं टिकावा, नाटकवाल्यांनी आपटला तरी तडकू नये, म्हणून कापडाचा थर लागतो. वडिलांनी मारून शिकवलेलं. जे फुटण्यासाठीच करायचं त्यात कापड कशाला, हे डोक्याला माहीत होतं, हातांना नाही. कापड वाळलं, वर कागद चढले, रंगही दिला, आणि माझ्या लक्षातच आलं नाही.

वाळलेलं तोंड साच्यावरून सोडवलं, डोक्याची मागची बाजू मोठ्या फुग्यावर केली आणि दोन्ही अर्धुकं कानांमागे जोडली. माथ्यावर भोक ठेवून त्यातून गोळ्या, चॉकलेटं, रबरी बेडूक सोडले. शिवाय माझ्या मनानं एक जास्तीचं केलं. काडेपेटीएवढी गोष्टींची पुस्तकं शिवली. प्रत्येक पुस्तकात एक गोष्ट, टिल्लीला मी सांगितलेल्यांतली, आणि एक चित्र. पोरं घरी घेऊन जातील, म्हटलं.

टिल्ली रोज बघायला यायची.

"आत्या, ही दुखवते का लोकांना?"

"चेटकीण आहे म्हटल्यावर दुखवणारच."

"मग मारायला मजा येईल," ती म्हणाली. तिनं हिरव्या गालावर बोट टेकवून बघितलं. "पण ही कोणासारखी तरी दिसते."

"कोणासारखी?"

तिनं माझ्याकडे पाहिलं, चेटकिणीकडे पाहिलं, आणि आईकडे पळत गेली.

वाढदिवसाच्या दिवशी सकाळी मला एका शाळेत घुबडांचे मुखवटे पोचवायचे होते. परत आले तेव्हा पुढच्या खोलीत फुगे लागले होते, खुर्च्या भिंतीला सारल्या होत्या आणि चेटकीण अगोदरच छताच्या कडीला टांगलेली होती, वर पांढरी चादर घालून.

"झाकलीत कशाला?"

"गंमत असावी ना थोडी!" भावजय म्हणाली. तिची बहीणही मदतीला आली होती. ती केकवर चेरी लावता लावता खाली मान घालून हसत होती. तिच्या नखांत हिरवा रंग होता. मी तो पाहिला आणि मला वाटलं, हिनं टेबलावर काहीतरी सांडलं असेल.

चारच्या सुमाराला लोक आले. पोरं म्हणजे नुसती झुंबड. पऱ्या, बेडूक, शेपटी लावलेला उंदीर, एका पोराच्या अंगाला कापसाचे ढगच ढग चिकटवलेले, तो म्हणे वादळ. त्यांचे आईबाप भिंतीला लागून उभे. धाकटा राजा झाला होता. लाल पडद्याचा झगा, पुठ्ठ्याचा मुकुट. तो मी केलेला नव्हता, दुकानातला होता. टिल्ली परी. ती लोकांच्या पायांमधून पंख वाकडे करत पळत होती.

केक कापून झाला आणि भावजयीनं टाळ्या वाजवल्या. "आता सगळ्यांनी गोल करा! कोण आहे बरं या चादरीखाली?"

"चेटकीऽण!" पोरं ओरडली.

तिनं चादर ओढली.

मी आधी फक्त ॲप्रन पाहिला. माझा निळा ॲप्रन, खळीचे डाग पडलेला, जो मी सकाळी खुंटीला सोडून गेले होते. तो त्या डोक्याखाली लोंबत होता. मग वर पाहिलं. लांब नाक मुळापासून कापून टाकलं होतं आणि त्या जागी माझं नाक होतं, फळीवरच्या माझ्याच साच्यावर कागद दाबून काढलेलं. पुढे ओढलेली हनुवटीही तशीच बदलली होती. भुवया कापून सपाट केल्या होत्या. हिरवा रंग पुसून वर माझ्या कातडीचा फिकट रंग. करड्या लोकरीचा अंबाडा. तारेचा चष्मा, एका बाजूला सुतळी गुंडाळलेला, जसा माझा होता. हनुवटीवर तीळ.

माझं काम मला माहीत आहे, म्हणून सांगते, नाक कापायचं काम सफाईनं झालं होतं.

मग त्या उंदराच्या वडिलांना हसू फुटलं, आणि मग सगळी खोलीच फुटली.

"अहो, हुबेहूब!"

"कमाल आहे! त्यांनी स्वतःच केली का?"

"स्वतःच," भावजय म्हणाली. "आमच्या वन्सं फार खेळकर आहेत हो. म्हणाल्या, माझीच करते, पोरांना मजा येईल."

सगळ्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं. मी हसले. अशा वेळी तोंड आपसूक हसतं. कुणी विचारत नाही त्याला. एक बाई माझ्या दंडाला धरून म्हणाली, "किती मोठं मन लागतं!" आणि मी मान डोलावली.

मी धाकट्याकडे पाहिलं. त्याला हे माहीत नव्हतं. आजही मी तसंच मानते. त्याच्या चेहऱ्याचा रंग उडाला होता. तो एवढंच म्हणाला असता, "बास, उतरवा ते," तरी मला पुरलं असतं. त्या तीन शब्दांवर माझी खोलीही राहिली असती, कारण जो एवढं बोलू शकतो तो पुढचंही बोलू शकतो. तो मुकुट सरळ करत राहिला.

"पहिला मान परीचा!" भावजयीनं टिल्लीच्या हातात रंगीत कागद गुंडाळलेली काठी दिली आणि डोळ्यांना बांधायला रुमाल काढला.

"नको रुमाल," टिल्ली म्हणाली. "मला दिसायला पाहिजे."

तिनं नेम धरला आणि बरोबर तोंडावर मारलं. चष्मा उडाला. पोरं किंचाळली. तिनं आणखी दोन मारले आणि वळून माझ्याकडे पाहिलं, शाबासकीसाठी, जशी चित्र रंगवून झाल्यावर बघायची. मी सवयीनं म्हटलं, "छान."

मग रांगच लागली. बेडकानं मारलं, उंदरानं मारलं, वादळानं तर धावत येऊन मारलं. कुणीतरी सुरू केलं, "आऽत्या! आऽत्या!" आणि सगळ्यांनी ठेका धरला. डोकं गरगर फिरायचं, माझ्याकडे यायचं, पाठ करायचं, पुन्हा यायचं. रंगाचे टवके उडाले. एक गाल आत गेला. पण फुटेना. तेव्हा कुठे मला मलमल आठवली. मी कपाळावर हात मारून घेतला, आणि शेजारच्या बाईला वाटलं मी दुःखानं मारला. तिनं पुन्हा माझा दंड धरला.

पोरं कंटाळली. बेडूक रडायला लागला. "चॉकलेट कधी मिळणार?"

"अहो, तुम्ही फोडा ना आता," भावजय धाकट्याला म्हणाली. "तुमच्याच घरची आहे. लहान मुलांना दाद देत नाही."

लोक हसले. धाकट्यानं काठी घेतली. ती पोरांची होती, त्याच्या हातात काडीसारखी दिसली. कुणीतरी कोपऱ्यातली पडद्याची दांडी काढून दिली.

पहिला फटका त्यानं मारल्यासारखा केला. नुसता टेकवला.

"अहो राजे, जोर नाही का?" उंदराचा बाप ओरडला.

दुसरा जरा लागला. तिसरा चांगला लागला. मग त्यानं मुकुट काढून खुर्चीवर ठेवला, झगा खांद्यावरून मागे टाकला आणि दोन्ही हातांनी दांडी धरली.

मी त्याला वाढवला होता. त्याचा राग मला माहीत होता असं मी समजत होते. लहानपणी ताट सरकवायचा, दार आपटायचा, एवढाच. हा राग मी पाहिला नव्हता. तो बोलत नव्हता, ओठ आत दाबलेले होते, आणि प्रत्येक फटक्याबरोबर त्याच्या नाकातून एक बारीक आवाज निघत होता. ते डोकं लांब जाऊन परत यायचं आणि तो त्याला वाटेतच गाठायचा. तोंडावर, तोंडावर, पुन्हा तोंडावर. 'विसरू नकोस हो' म्हणत जेवढे हात त्याच्या डोक्यावर ठेवले गेले होते, तेवढे सगळे तो झाडून टाकत होता. मी एकदाही ते वाक्य त्याला ऐकवलं नव्हतं. पण ज्यांनी ऐकवलं ते टांगलेले नव्हते.

पोरांचा ठेका थांबला. हसणं थांबलं. भावजय हळूच म्हणाली, "अहो, पुरे, राहू द्या." ते त्याला ऐकू गेलं नाही. त्याचा चेहरा लाल झाला होता, केस कपाळाला चिकटले होते, आणि ते डोकं काही फुटत नव्हतं. तो तिथे सगळ्या लोकांदेखत, पडद्याचा झगा घालून, एका कागदाच्या बाईशी हरत होता.

त्याला हरताना मला कधीच बघवलं नाही. गणित अडलं, नाडी सुटली, की मी पुढे व्हायचेच.

"धाकट्या," मी म्हटलं. "तोंडावर मारून फुटायची नाही. आत कापड आहे. कानामागे मार. तिथे जोड आहे."

त्यानं दांडी खाली घेतली. त्या दिवसात पहिल्यांदाच माझ्याकडे नीट पाहिलं. त्याच्या डोळ्यांत काय होतं ते मी पुष्कळदा आठवून बघितलं आहे. लाज असेल असं मला फार दिवस वाटायचं. आता वाटतं, ते नुसतं ऐकून घेणं होतं. तो बाजूला सरकला, डोकं स्थिर होईपर्यंत थांबला, आणि कानामागे मारलं.

डोकं उभं उकललं. चॉकलेटं, गोळ्या, रबरी बेडूक, सगळं एकदम खाली. पोरं तुटून पडली. कोपरं, गुडघे, पंख, शेपट्या. माझी पुस्तकं पायांखाली आली. ज्यांच्या हातात ती लागली त्यांनी ती बाजूला फेकून खालची गोळी उचलली. तोंडाचं अर्धुक अख्खं राहिलं होतं. उंदरानं ते उचलून स्वतःच्या तोंडावर धरलं आणि कंबरेत वाकून, लटपटत चालायला लागला. "मी आत्या! मी आत्या! खळीला हात लावू नका रे!" ते इतकं माझ्यासारखं होतं, की लोकांना पुन्हा हसायला वाट मिळाली. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला.

लोक गेल्यावर मी केर काढायला घेतला. टिल्ली खिसे भरून माझ्यापाशी येऊन उभी राहिली. तोंडात चॉकलेट होतं.

"आत्या, पुढच्या वर्षी बाबाचा करशील?"

"का गं?"

"आई म्हणाली, बाबाचा छान फुटेल. त्याच्यात कापड नाही."

भावजय दारातून म्हणाली, "टिल्ले, झोपायला चल." ओरडली नाही. ती कधी ओरडत नसे.

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी धाकटा माझ्यासमोर बसला. साखर दोनदा घातली आणि दोनदा ढवळली.

"ताई, मी तुझ्यासाठी एक खोली बघितलीय. शिंप्याच्या दुकानावरची. नळ आहे. उजेड म्हणशील तर दुपारी येतो."

"कधी बघितलीस?"

"झाले असतील दिवस." त्यानं खिशातून किल्ली काढून माझ्या बशीशेजारी ठेवली. किल्लीला शिंप्यानं लाल चिंधी बांधली होती. ती खिशात राहून मळली होती.

"म्हणजे वाढदिवसाच्या आधीच?"

"आधी सांगून तुला कशाला त्रास द्यायचा? तुझं काम चालू होतं. मन लागलं नसतं तुझं." तो खरंच समजुतीनं बोलत होता. "आणि टिल्लीची चेटकीण राहिली असती."

मी किल्ली उचलली. भांडण म्हणून काही करायचं असतं तर ते त्या वेळी करायला हवं होतं. मी चहा प्यायले.

सामान त्यानंच हलवलं. कुणाला हात लावू दिला नाही. साचे एकेक करून जुन्या गोधडीत गुंडाळले, टेबलाचे पाय सुटे केले, आणि शिंप्याचा अरुंद जिना तो कितीदा चढला-उतरला असेल. वर आल्यावर नळ सोडून बघितला, कडी घालून बघितली, खिडकीचा फुटका तुकडा पुठ्ठ्यानं झाकला. पलंग कुठे लावू, विचारलं. पडदा हवा का, विचारलं. मी कधी कुणाला एवढं प्रेमळ झालेलं पाहिलं नाही. जाताना माझ्या पाया पडला.

"येत जाईन, ताई. दर रविवारी."

"ये."

"काही लागलं तर कळव."

"कळवीन."

तो बाहेर पडला आणि मी दार लोटलं. ते जुनं दार होतं, नीट मिटत नसे. मी टेबलाचे पाय जोडायला खाली बसले आणि मला त्याची पावलं ऐकू आली, आधी सावकाश, मग मधल्या वळणावर भरभर, दोन-दोन पायऱ्या टाकत. तो गुणगुणत होता. कुठलंसं गाणं, शब्द नसलेलं. शाळेला सुट्टी लागली की तो असाच घरी यायचा.